कोरड्या बोअरला कुणाचं नाव

४ मार्च, नांदेड

निवृत्त माणसाला भरदुपारी फोन करतात ते विमावाले, नाहीतर लग्नाची तारीख कळवणारे नातेवाईक. आज केला तो नव्या जिल्ह्याच्या टंचाई शाखेनं. शाखेचे प्रमुख अण्णाराव बिरादार स्वतः बोलत होते. जिल्ह्याला तुमच्यासारख्या तज्ज्ञाची गरज आहे म्हणाले. मी लगेच हो म्हणालो नाही. डायरी चाळल्याचा आवाज व्हावा म्हणून वर्तमानपत्राची पानं उलटली आणि मग हो म्हणालो.

बत्तीस वर्षं भूजल खात्यात खडकाखालचं पाणी शोधलं आणि निवृत्त झाल्यापासून घरात चष्मा शोधतोय. प्रभाला बातमी सांगितली तेव्हा ती नळाशी कान लावून बसली होती. जिल्ह्याचं पाणी खुशाल शोधा, पण आधी आपल्या टाकीत का चढत नाही ते बघा, म्हणाली. सहधर्मचारिणी म्हणतात ती हीच.

७ मार्च

नवा जिल्हा बघून आलो. अर्धा लातूरचा, अर्धा नांदेडचा तुकडा फाडून शिवलेली ही गोधडी आहे. जिल्ह्याला नाव कोणतं द्यायचं यावर तीन तालुके कोर्टात गेलेत, त्यामुळे पाटीवर 'जिल्हाधिकारी कार्यालय' एवढंच आहे आणि पुढे कोरी जागा. कार्यालय बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीत भरतं. पंखा लावला की कोपऱ्यातला जुना कापूस उडतो आणि साहेबलोकांच्या मिशांवर येऊन बसतो. पाऊस दोन वर्षं नाही, पण आत हिमवर्षाव चालू असतो.

तिथं मला 'पातालनेत्रा'चं दर्शन घडवण्यात आलं. ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. उपग्रहाचे फोटो, जुन्या बोअरची माहिती, गावचा नकाशा असं सगळं तिच्या पोटात घातलंय. गावाचं नाव टाकलं की नकाशावर एक लाल ठिपका येतो. तिथं बोअर मारायचं. हे चालवणारा व्यंकट हा धर्माबादचा इंजिनिअर, कंपनीनं पाठवलेला, गोड स्वभावाचा. त्याला विचारलं, खाली खडक कोणता आहे हे तुझं नेत्र सांगतं का? तो म्हणाला, सर, ते खडक बघत नाही, पॅटर्न बघतं.

मुखेडच्या स्टँडबाहेर एक ज्योतिषी बसायचा. त्याचा पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन चोचीनं एक पाकीट ओढायचा. पाकिटात काय लिहिलंय हे पोपटाला ठाऊक नसायचं, पण ऐटीत ओढायचा. मी पातालनेत्राचं नाव मनातल्या मनात पोपट ठेवलं.

एवढं सगळं पोपटाला कळतं तर माझी गरज कशाला, हेही विचारून घेतलं. बिरादार म्हणाले, "साहेब, लोकांना माणूस लागतो." हे वाक्य मला फार आवडलं. परतीच्या गाडीत ते दोनतीनदा मनाशी म्हटलं.

११ मार्च

पहिलं बोअर. लातूरकडच्या अंगाच्या एका गावात.

इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण आज तीच मधे आली. आमच्या भागात बोअर मारायच्या आधी त्या जागेवर नारळ फुटतो, आणि ज्याच्या हातानं फुटला, बोअर त्याचं. पाणी लागलं तर ते गावाचं किंवा शेतमालकाचं होतं. कोरडं गेलं तर त्या भोकाला नारळ फोडणाऱ्याचं नाव पडतं आणि माणूस मेला तरी ते पुसलं जात नाही. देगलूरकडे जाऊन 'केरब्याचं बोअर' विचारलं तर लोक उलट विचारतात, कोणतं?

हा केरबा म्हणजे पाणाड्या. तळहातावर नारळ घेऊन रानात चालतो आणि जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी, असा त्याचा धंदा. माझ्या नोकरीभर हा माणूस माझ्या मागे लागला होता. मी चार खुंट्या ठोकून, जमिनीत वीज सोडून, आकडे मांडून पॉइंट द्यायचो. माझी जीप गावाबाहेर पडली की गावकरी केरबाला बोलावणार. त्याचा नारळ माझ्या जागेवर उभा राहिला तर माझी पीएच.डी. खरी. फोडायचाही तोच. आमच्या घरात, छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून, नारळ फोडत नाहीत, खोबरं तेवढं खातात. त्यामुळे माझे कोरडे गेलेले पॉइंटही जन्मभर केरबाच्या नावावर चढत गेले. त्याला दक्षिणेची हाव, मला सोयीचं. दोघांचं बरं चाललं होतं.

तर आज केरबाला नारळ फोडायला बोलावलं होतं. त्यानं विचारलं, पॉइंट कुणाचा? बिरादारांनी पातालनेत्राचं नाव सांगितलं. केरबानं व्यंकटच्या हातातल्या टॅबकडे बघितलं.

"मंग त्यालाच फोडू द्या की," म्हणाला, नारळ उपरण्यात बांधला आणि चालू लागला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जरा घोटाळलो. मग विचार केला की हा तर नुसता शासकीय समारंभ आहे, मंत्री फीत कापतात तसा. फोडला. दोन इंची पाणी लागलं. गावानं मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. त्यावर पातालनेत्राचा लाल ठिपका, बिरादार आणि तीन पुढारी होते. माझा फोटो जागेअभावी राहिला असावा.

१२ मार्च

प्रभानं पिशवीतला अर्धा नारळ बघितला. हा कुठला म्हणून विचारलं. सांगितलं. म्हणाली, "तुमच्या वडलांनी गावचं वैर घेऊन सोडलं, ते तुम्ही पेन्शनीत धरून राहिले." मी शासकीय समारंभाचा मुद्दा मांडला. तिनं चटणी वाटली. चटणीत तिखट जास्त होतं.

२३ मार्च

माझ्या गाडीवर 'तज्ज्ञ' असा स्टिकर लागला आहे. टोलनाक्यावर सलाम मिळतो.

पहिल्या आठवड्यात मी खुंट्या घेऊन जात होतो. एका गावी माझे आकडे एक सांगत होते आणि पोपट भलतंच. बिरादार म्हणाले, बोअर मारणारी रिगची गाडी तासाच्या भाड्यावर असते, तपासत बसलो तर पावसाळा येईल. आला तर बरंच की, असं मी म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. पोपटाच्याच जागेवर पाणी लागलं. तेव्हापासून खुंट्यांची पिशवी डिकीत पडून आहे. एक खुंटी प्रभानं मागच्या अंगणात कपड्यांच्या तारेसाठी घेतलीय.

आता काम असं असतं. पोपट पाकीट ओढतो, मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवतो, खाली वाकून माती चिमटीत घेतो, वास घेतो. वास घेण्याचं भूशास्त्रात काही कारण नाही, पण लोकांना बरं वाटतं. कुणीतरी विचारतं, साहेब, लागंल नव्हं? मी म्हणतो, लागेल. बत्तीस वर्षं मी 'साठ टक्के शक्यता', 'खडकाच्या भेगेवर अवलंबून' असलं बोललो आणि लोक माझ्याकडे दुकानातल्या उधार गिऱ्हाइकाकडे बघावं तसे बघायचे. आता एक शब्द बोलतो आणि लोक पाया पडतात. इतका मान मला खऱ्या अभ्यासाबद्दल कधी मिळाला नव्हता. कशाबद्दल मिळतोय यात फार खोलात शिरू नये असं ठरवलं आहे.

२ एप्रिल

देगलूरच्या अंगाला गेलो. फुफाटा निघाला. रिगच्या तोंडातून दुपारभर पांढरी धूळ उडत राहिली आणि पाण्याचा थेंब नाही. सगळं गाव डोक्याला टापशी बांधून उभं होतं. शेवटी ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

मी वळून बघितलं तर बिरादारांची गाडी नव्हती. तेव्हा लक्षात आलं की ते नेहमी गाडीचं तोंड रस्त्याकडे करूनच लावतात. व्यंकटला अचानक रेंज शोधायला टेकडीवर जावं लागलं. जमिनीच्या भेगा सांगून येत नाहीत असं मी काहीतरी बोललो. एका म्हाताऱ्यानं माझ्या हातात अर्धा नारळ दिला. दिला म्हणजे जवळजवळ फेकला.

५ एप्रिल

पुन्हा फुफाटा.

९ एप्रिल

आजही. व्यंकटला बाजूला घेऊन विचारलं, पोपटाच्या पोटात या भागातली बोअरं किती? (पोपट हा शब्द तोंडातून निसटला, त्याला राग आला नाही.) तो म्हणाला, सगळी जुनी माहिती लातूरकडची आहे, इकडची कागदं नांदेडहून आलीच नाहीत. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. लातूरकडे काळा पाषाण, थरावर थर, थरांमध्ये पाणी धरणारी मऊ पट्टी. देगलूरकडे तो संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. त्यात थर नाहीत, नशिबानं भेग सापडली तर सापडली. दोन्हीकडे एकच हिशेब लावणं म्हणजे म्हशीचं औषध बकरीला पाजणं. बिरादारांना सांगितलं. लिहून द्या, बघू म्हणाले. लिहून दिलं. कापसाखाली गेलं असेल.

घरात नारळांचा सुकाळ झाला आहे. प्रभा वड्या करते, चटणी करते, शेजारी वाटते. आज शेजारचे सिद्रामप्पा वडी खाताना म्हणाले, साहेब, वडी झकास आहे, आणखी किती गावं व्हायचीत? मी हसलो. ते हसले नाहीत.

१५ एप्रिल

मुखेडला चहाच्या टपरीवर केरबा भेटला. मी न बघितल्यासारखं केलं, पण त्यानं बाकावर सरकून जागा केली, मग बसावं लागलं. त्याची दाढी पार पांढरी झाली आहे आणि दात दोनच उरलेत, पण खोचक बोलायला तेवढे पुरतात. गावोगावची खबर त्याच्याकडे असते. माझ्या नावाची बोअरं कुठं कुठं झाली ते त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. एका हाताची बोटं संपली तेव्हा मी म्हटलं, पाणी लागलेलीही आहेत.

"ती मशीनची हाईत, साहेब. फ्लेक्स बघा ना. पाणी लागलं की फोटू मशीनचा, फुफाटा निघाला की नाव तुमचं." त्यानं बशीतला चहा फुंकला. "पयले हे काम मी करत होतो. मी सोडलं म्हून तुमाला दिलं. तुमाला वाटून राहिलं, तज्ज्ञाचं काम दिलं."

मी ताडकन उठलो. माणूस जळतो याचं मला वाईट वाटलं. धंदा बसला की असं होतं.

१७ एप्रिल

बिरादारांना तोंडावर विचारलं. मला वाटलं होतं ते आडवेतिडवे जातील. पण माणूस सरळ आहे, याचा तर जास्त राग आला. खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "साहेब, बोअर कोरडं गेलं की गाव कुणाच्या तरी अंगावर जातं. मशीनच्या अंगावर जाता येत न्हाई. माझ्या अंगावर आलं तर शाखा बंद पडंल. तुमचं वय झालंय, मान हाय, लोक चार शिव्या देतील आन सोडतील."

म्हणजे मला माझ्या अकलेसाठी नाही, अंगासाठी बोलावलं होतं. दीडदोन महिने मी टोलनाक्यावर सलाम घेत फिरलो. केरबाला दोन दात असून कळलं आणि मला पीएच.डी. असून कळलं नाही. आज जेवलो नाही. प्रभानं विचारलं तर पित्त झालंय म्हणालो. खरं म्हणजे लाज वाटत होती.

१८ एप्रिल

राजीनामा लिहायला बसलो होतो तेवढ्यात दारात गोजेवाडीच्या सरपंच शांतम्मा उभ्या. गोजेवाडी कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं गाव. बाई पन्नाशीच्या, कपाळावर भस्माचे पट्टे, काखेत पिशवी. एसटीनं सकाळी निघून आल्या होत्या. प्रभानं पाणी दिलं. तांब्याकडे बघत त्यांनी अर्धंच प्यायलं आणि उरलेलं आपल्या बाटलीत ओतून घेतलं. मग जरा संकोचल्या. सवय झाली आहे म्हणाल्या.

गोष्ट अशी. गोजेवाडीला एक बोअर मंजूर झालंय. एकच. नियम असा की बोअर मारून झालं की गावाला 'योजना दिली' आणि टँकर बंद, पाणी लागो न लागो. टँकर दोन दिवसांआड येतो, त्यावर अख्खं गाव जगतंय. शेजारच्या गावात माझ्या हातचं कोरडं बोअर झालं ते त्यांनी स्वतः बघितलं होतं.

मी म्हटलं, मग माझ्याकडे कशाला आलात, माझं नाव तर त्या भोकाला आहे.

"म्हून तर पत्ता घावला," त्या म्हणाल्या. "साहेब, मशीनला इचारून सांगू नका. तुमाला काय वाटतंय ते सांगा. चुकलं तर मी कुणाकडं बघायचं, ते मला आधी कळाय पायजे."

राजीनामा अर्धाच राहिला. उद्या परवा बघू.

२१ एप्रिल, गोजेवाडी

खुंट्या घेऊन आलो. एक कमी होती, ती अंगणात कपडे वाळवते आहे, तिच्या जागी गावातली पहार वापरली. यंत्राची बॅटरी मेलेली. सरपंचबाईंच्या पुतण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावली. तज्ज्ञ म्हणून गेलो आणि लोकांना वाटलं गाडी बिघडली म्हणून कुणीतरी आलंय.

पोपटाचा ठिपका शाळेमागे आहे. तिथं खाली सलग ग्रॅनाइट आहे, माझे आकडे तसं बोलतात. नाल्याकाठी चिंचेपाशी आकडे जरा खाली उतरतात. भेग असू शकते. नुसता ओलसर मुरूमही असू शकतो. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा वेगळं आलं. चूक माझी होती की बॅटरीची, कळेना.

खरं सांगायचं तर मी घाबरलो आहे. नोकरीत असताना पॉइंट चुकला तर खात्याचा चुकायचा, नाव केरबाचं व्हायचं, आणि पोपट आल्यापासून तर माझा असा पॉइंटच नव्हता. माझं एकट्याचं, माझ्या तोंडचं असं बोअर आयुष्यात कधी झालंच नाही, हे आज चिंचेखाली बसून लक्षात आलं. शांतम्मांना म्हणालो, चिंचेपाशी, पण निम्मी खात्री आहे. त्या म्हणाल्या, निम्मी तर निम्मी, शाळेमागं तर तीबी न्हाई.

२४ एप्रिल

सकाळीच रिग आली. बिरादार, व्यंकट, सगळं गाव आणि, कुणी बोलावलं कोण जाणे, केरबा. तो सकाळपासून माझ्या मागे मागे होता. मी चिंचेपाशी शेवटचं मोजत होतो तर हा दहा पावलांवर उकिडवा बसून बिडी ओढत बघत होता.

बिरादारांनी नारळ माझ्या हातात दिला आणि शाळेकडे हात केला. मी नारळ परत दिला. म्हणालो, तिथं मी फोडणार नाही. माझा पॉइंट चिंचेपाशी आहे. त्यांनी विचारलं, आणि जबाबदारी? मी म्हटलं, माझी. हा शब्द बोलताना आवाज चिरकला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

गावात दोन तट पडले. सोनकांबळ्याचा, म्हणजे माझा, हात कोरडा आहे हे सगळीकडे झालेलं. काहीजण म्हणाले, मशीन सरकारी आहे, उगाच वाकडं नको. शांतम्मा एकट्या बोलत होत्या आणि त्यांचा आवाज बसत चालला होता. रिगचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता. तेवढ्यात केरबा उठला, तळहातावर नारळ घेतला, डोळे मिटले आणि चालू लागला. शाळेला वळसा घातला, देवळापुढून गेला, नाल्यात उतरला. सगळं गाव मागे. चिंचेपाशी माझ्या खुंटीच्या वीतभर अलीकडे नारळ टचकन उभा राहिला. गावानं एकदम श्वास सोडला आणि तट मिटले.

काय हा योगायोग. बत्तीस वर्षांत त्याचा नारळ माझ्या जागेवर नेहमी असाच येऊन उभा राहायचा, हेही विशेषच म्हणायचं. मला एवढं दिसलं की त्याचा एक डोळा नीट मिटलेला नव्हता. म्हातारपणी पापणी लोंबते.

नारळ त्यानंच फोडला. रिग सुरू झाली.

फुफाटा. आधी तांबडा, मग गुलाबी, मग पांढरा. एकदा मधे चिखल आला आणि बायकांनी घागरी उचलल्या. तो मुरमातला ओलावा होता, थोड्या वेळात सुकला. मंजूर खोली संपली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

बिरादारांची गाडी गेली होती. माझी गाडीही आज योगायोगानं रस्त्याकडे तोंड करून होती. मी तिच्याकडे बघितलं, हे लिहून ठेवतो. मग शांतम्मांपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "पॉइंट माझा होता. माझं चुकलं."

हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच बोललो. भेगा, निसर्ग, टक्के, काही जोडलं नाही.

त्यानंतर शांतम्मांनी मला जे झाडलं ते लिहिण्यासारखं नाही, आणि निम्मं कन्नडमध्ये असल्यानं लिहिता येण्यासारखंही नाही. माझी पदवी, माझं पोट, माझा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा खटारा, सगळ्याचा उद्धार झाला. लेकरं कुठलं पाणी पिणार, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी उभा राहून ऐकलं. मला रडू येत होतं. केरबा शेजारी येऊन उभा राहिला, निम्म्या शिव्या त्याला गेल्या. शेवटी बाई थकल्या, पदरानं तोंडावरची धूळ पुसली.

"उद्या बर्री," म्हणाल्या. म्हणजे या. "जुनी विहीर हाय. ती बघा. एवढं बोलून घेतलंय तुमाला, आता दुसऱ्या कुणाला नव्यानं कुठं बोलत बसू?"

२५ एप्रिल

गेलो. विहीर कोरडी ठक्क. दोराला धरून खाली उतरलो. प्रभा बघत असती तर दोर कापला असता. पण खाली पूर्वेकडच्या बाजूला, जिथं मुरूम संपून दगड लागतो, तिथं हाताला गार लागलं. विहिरीच्या पोटातून आडवं बोअर मारून बघता येईल. त्याला मोठी रिग लागत नाही आणि मंजुरीही लागत नाही. पाणी लागेलच असं नाही, हे मी विहिरीतूनच ओरडून सांगितलं. वरून शांतम्मा म्हणाल्या, ठाऊक हाय, वर या.

टँकर मात्र आजपासून बंद. गावानं बैलगाड्या जुंपून शेजारच्या गावाहून पाणी आणलं.

३० एप्रिल

राजीनामा पाठवला. बिरादारांचा फोन आला, रागावले नव्हते. कृषी महाविद्यालयातले एक निवृत्त प्राध्यापक मिळालेत म्हणाले, माणूस मानी आहे आणि नारळ छान फोडतो. व्यंकटनं मात्र गुपचूप विचारलं, सर, गोजेवाडीचे तुमचे आकडे आणि कोरडं गेलेलं बोअर पातालनेत्रात घालू का? म्हटलं, घाल बाबा. चूक निदान कुणाच्या तरी कामाला येऊ दे.

'तज्ज्ञ' स्टिकर काढताना काचेला डिंक राहिला आहे. रॉकेलनं जातो म्हणतात.

१० मे

आडव्या बोअरला पाणी लागलं. झरा म्हणण्यासारखं नाही, गळतं असं म्हणू. पण थांबत नाही. सकाळपर्यंत गुडघाभर साठतं, पिण्यापुरतं होतं. फ्लेक्स लावण्याइतकं नाही. शांतम्मांनी फोनवर सांगितलं आणि लगेच विहिरीवर पंप बसवावा की रहाट यावर माझ्याशी भांडल्या.

१३ मे

गोजेवाडीला निघालो होतो. हद्दीवरच्या फाट्यावर एक दुचाकीवाला तिथं उभ्या गुराख्याला वाट विचारत होता. गुराखी सांगत होता, सरळ जा, पुढं नाल्यापाशी सोनकांबळ्याचं बोअर लागंल, तिथून डावीकडं वळा.

मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो. या जिल्ह्यात माझ्या नावाची भोकं पुष्कळ आहेत, सगळी पोपटाची. हे एकच माझं आहे. नाव ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. गाडी सुरू करताना शीळ घालत होतो असं नंतर लक्षात आलं.

विहिरीवर केरबा बसलेला होता, त्यानंही हे ऐकलं होतं आणि तो चांगलाच फुगला होता. नारळ फोडला मी, मग रिवाजानं बोअर माझं, त्याला तुमचं नाव कसं काय लागलं, म्हणून भांडायलाच उठला. शांतम्मा म्हणाल्या, चुकलं म्हणून जो पुढं आला त्याचं नाव, यात इचारायचं काय.

केरबा विहिरीच्या काठावर बसून बराच वेळ दाढी खाजवत राहिला. मग एकाएकी हसायला लागला, दोन्ही दात दिसले.

"जाऊ द्या साहेब," म्हणाला. "एक तरी माझं तुमच्या नावावर गेलं. फिट्टमफाट."

कसली फिट्टमफाट ते मला कळलं नाही. केरबाचा हिशेब मुळात कच्चाच. प्रभानं वड्यांचा डबा दिला होता, तो मी त्याच्यापुढे सरकवला.